जाईबाईनं ओळखलेला पाय

बेलखेडीत त्या काळी मिशीला पीळ देत फिरणारे जेवढे गडी होते, त्यांतल्या निम्म्यांना जाईबाईनं उलटं धरून पहिली चापट मारली होती. हे ती कधी बोलून दाखवत नसे. पण एखादा तरणाताठा गडी भर चौकात आवाज चढवून बोलू लागला, की ती डोक्यावरचा पदर जरा पुढे ओढून गालातल्या गालात हसायची. जवळच्या बायांना कळायचं, की म्हातारीला याचं पहिलं रडणं आठवलं.

बेलखेडी म्हणजे चांदूर बाजारपासून तीन कोसांवर, पूर्णेच्या काठचं गाव. काळी कसदार जमीन, कापसाच्या पऱ्हाटीची शेतं, वरच्या अंगाला कुणब्यांची चौसोपी घरं आणि खालच्या अंगाला नदीकडे उतरत गेलेली तीस-पस्तीस कुडाची घरं. जाईबाई खालची. सुईणपण तिला सासूकडून आलं होतं. त्यातली एक गंमत सगळ्या गावाला ठाऊक होती आणि कुणीच ती बोलत नसे. एरवी तिची सावलीही ज्या घरांना चालत नसे, त्या घरांत बाळंतपणाच्या वेळी ती थेट आतल्या खोलीपर्यंत जाई. पाच दिवस त्या बाईला, त्या बाळाला, त्या अंथरुणाला तिचेच हात. पाचवी झाली, की घर सारवायचं, सगळं धुऊन काढायचं आणि जाईबाईनं परसदारानं निघून जायचं. सहाव्या दिवशी तेच घर तिला पुन्हा लांबून पाणी वाढायचं.

छप्पन साली खालच्या वस्तीनं धम्म घेतला. बैलगाड्या जोडून माणसं नागपूरला जाऊन आली आणि आल्यावर घराघरातले देव पूर्णेत सोडून दिले. मेलेली ढोरं ओढणं बंद झालं, सणावारी वाजवायला जाणं बंद झालं, वेठ बंद झाली. बाळंतपणाचं काय करायचं, याचीही चर्चा वस्तीत झाली. जाईबाईचा मुलगा देवमन तेव्हा अमरावतीला जिनिंगमध्ये कामाला होता. त्याचं म्हणणं होतं, की हेही सोड. जाईबाईनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की पोटातल्या लेकरानं कुणाचं काय केलं आहे? तिचं काम चालू राहिलं. फक्त परसदारानं जायचं तिनं सोडलं. येताना-जाताना ती पुढच्या दारानं ये-जा करू लागली, आणि अडलेल्या घरांना ते मुकाट्यानं चालवून घ्यावं लागलं.

वरच्या गावात एक दल होतं. त्याची सुरुवात वाईट नव्हती. अठ्ठेचाळीस साली निजामाच्या मुलखातून रझाकार येणार, अशी हूल वऱ्हाडभर उठली होती. तेव्हा गाव राखायला म्हणून पोरांनी आखाड्यात शपथा घेतल्या, लाठ्यांना लोखंडी कड्या बसवल्या, पाळीपाळीनं वेशीवर बसले. रझाकार काही बेलखेडीपर्यंत आले नाहीत. निजामाचं राज्य गेलं, भीतीही गेली. पण लाठ्या हातात राहिल्या. आणि हातातल्या लाठीला फार दिवस काम नसलं, की ती काम शोधू लागते. दलाचा प्रमुख खुशालराव. महायुद्धात कुठल्याशा पलटणीत कारकुनी करून आलेला, सडपातळ, हळू बोलणारा माणूस. त्यानं कुणाला शिवी दिलेली कुणी ऐकली नव्हती. सुपारीही तो अशी बारीक कातरी, की पाहत राहावं.

धम्म घेतल्याला सव्वा वर्ष झालं असेल. माघाचे दिवस, दुपारची वेळ. चांदूर बाजारचा आठवडी बाजार होता, म्हणून खालच्या वस्तीतले हातपाय धड असलेले सगळे पुरुष बाजाराला गेले होते. घरी राहिलेल्या म्हणजे बाया, लेकरं आणि चालता न येणारी म्हातारी माणसं. जाईबाई पुंजारामच्या घरामागे कडबा आणायला गेली होती. पुंजाराम हा वस्तीतला सगळ्यात निरुपद्रवी माणूस. सत्तरीचा, एका डोळ्यानं अधू, दिवसभर अंबाडीचे दोर वळत बसायचा. त्यानं कुणाशी कधी वाद घातला नव्हता. धम्माच्या सभेत भाषणं करणारी पोरं वेगळी होती. त्यातल्या दोघांची घरं याच आळीत, पुंजारामच्या घरापासून हाकेवर होती.

पाचोळ्यावर पावलं वाजली. पुष्कळ पावलं, पण बोलणं एकही नाही. त्या गप्प येण्यानंच जाईबाईच्या अंगावर काटा आला. ती कडब्याच्या गंजीमागे बसली आणि मग आडवीच झाली. कुडाची ताटी खालून वीतभर कुरतडलेली होती. तिथून तिला दिसले ते फक्त पाय. दहा-बारा जणांचे, सगळे अनवाणी. दलाची आखाड्यातली रीत होती, की दलाच्या कामाला निघताना पायताण घालायचं नाही. तोंडाला फडकी बांधायचं त्यांनी लक्षात ठेवलं होतं. पण पायांना कुणी ओळखील, हे त्यांच्यातल्या कुणाच्याही मनात आलं नव्हतं.

ते भाषणं करणाऱ्या पोरांच्या घरांकडे वळलेच नाहीत. सरळ पुंजारामच्या दारात आले. म्हाताऱ्यानं कोण आहे म्हणून विचारलं, तेवढंच जाईबाईला ऐकू आलं. मग लाठीचा आवाज. तो आवाज तिनं पुढे जन्मभर कुणाला सांगितला नाही. मग घासलेटचा वास आणि कुडाला लागलेल्या आगीची चरचर.

त्या पायांमध्ये एक पाय तिनं पाहताच ओळखला. डावा पाय. घोट्यातून किंचित आत वळलेला, आणि करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. बावीस वर्षांपूर्वी पार्वताबाईचं पहिलं बाळंतपण अडलं होतं. मूल पायाळू. हाच पाय आधी बाहेर आला होता, आणि तो धरून जाईबाईनं त्या लेकराला जगात आणलं होतं. घोटा वळलेला होता, म्हणून जवसाचं तेल लावून चाळीस दिवस तिनं तो रोज चोळला. पाचवी झाल्यावर आत यायची बंदी. म्हणून पार्वताबाई मूल घेऊन परसदारी बसायची आणि जाईबाई दारापलीकडून हात लांब करून चोळायची. पाय सुधारला, पण पुरता सरळ झाला नाही. तो पाय गुणवंताचा होता.

पुंजाराम गेला. तीन घरं जळाली. पोलीस आले, फौजदार आला, पंचनामा झाला. वस्तीत ज्याला विचारावं, तो एकच सांगे, की तोंडं झाकलेली होती, साहेब. पुंजारामची बायको गंगूबाई तर भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती एक शब्दही बोलली नाही. जाईबाईनंही सांगितलं, की मी कडब्यामागे होते, मला काही दिसलं नाही. देवमन अमरावतीहून धावत आला. त्यालाही तिनं तेच सांगितलं. वस्तीत एकच प्रश्न फिरत होता आणि त्याचं उत्तर कुणालाच सापडत नव्हतं: भाषणं करणारी पोरं सोडून या अधू म्हाताऱ्याला कशासाठी मारलं? पुढारी मारला असता तर लोकांना राग आला असता. पुंजाराम मारला, म्हणून लोकांना नुसतं भय वाटलं. त्या भयाला धरायला जागाच नव्हती. भाषणं करणारी ती दोन पोरं आठवड्याच्या आत आपापल्या मामाकडे निघून गेली, एक अकोल्याला आणि एक बार्शीटाकळीला.

पंधरा-सोळा दिवस गेले. भर दुपारी जाईबाईच्या दारात दोन बैलांची दमणी येऊन थांबली. गुणवंताची बायको रुख्मिणी अडली होती, पार्वताबाईनं निरोप धाडला होता. आणि दमणी हाकायला गडी नव्हता. स्वतः गुणवंत होता.

देवमन अमरावतीला परत गेला होता. जाईबाईच्या मनात आलं, की रुख्मिणीचे दिवस भरले आहेत, हे खरं. पण रस्त्यात नदीचा उतार आहे, बाभळीचं रान आहे, आणि आपल्याला घरातून काढायला याहून चांगलं निमित्त नाही. बाळंतिणीचं बोलावणं आलं, की घर कुणाचं हे विचारायचं नाही आणि मागे वळून पाहायचं नाही, असं सासूनं तिला शिकवलं होतं. तिनं विळा कनवटीला खोचला आणि दमणीत चढली. 

गुणवंत पुढे धुरेवर बसला होता. त्याचा डावा पाय तिच्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर लोंबकळत होता. तिनं पाहायचं नाही असं ठरवलं. रुईची झुडपं पाहिली, बैलाची शिंगं पाहिली, आभाळ पाहिलं. तरी नजर तिथेच येऊन पडे. बाभळीच्या रानात दमणी शिरली, तशी गुणवंतानं मान वळवली.

“काय पाहून राहिली, जाईमाय?”

“काही नाही, बापू. रस्ता पाहून राहिली.”

त्यानं तिच्या नजरेच्या रोखानं खाली पाहिलं. मग सावकाश तो पाय वर घेतला आणि धोतराखाली दुमडून बसला.  बाभळीचं रान मागे गेलं आणि काही झालं नाही. पण जाईबाईला सुटल्यासारखं वाटलं नाही. तिनं ओळखलं आहे, हे त्यानंही ओळखलं होतं.

बाळंतपण सोपं नव्हतं. पण खोलीत शिरल्यावर जाईबाईचे हात कामाला लागले. हात आपलं काम विसरत नाहीत, मनात काहीही असो. पार्वताबाई उशाशी बसून रुख्मिणीचं कपाळ पुसत होती आणि मध्येच जाईबाईकडे असं पाहत होती, की तिला सगळं ठाऊक आहे की काहीच नाही, ते कळेना. उन्हं उतरायला लागली तेव्हा मुलगी झाली. पाय सरळ, बोटं धड. जाईबाईनं आधी पायच पाहिले. पार्वताबाईनं ते पाहिलं आणि पदराचं टोक तोंडात धरून ती रडू लागली. तिला समजलं होतं. आईला न सांगता समजणारी ती गोष्ट होती.

हात धुऊन जाईबाई बाहेर आली, तर ओसरीवर खुशालराव बसला होता. समोर पानाचं तबक, हातात अडकित्ता. गुणवंत खांबाला टेकून उभा, मान खाली. खुशालरावनं तिला पायरीशी बसायला सांगितलं. मुलगी झाली का, आई बरी आहे का, हे सगळं मायेनं विचारलं. मग सुपारी कातरत, एखादा मास्तर पोरांना गणित समजावून सांगतो तशा आवाजात तो बोलू लागला.

तो म्हणाला, की पुंजारामशी त्याचं काही वैर नव्हतं. उलट लहानपणी पुंजारामनं वळलेल्या दोराचा झोपाळा त्याच्या दारात होता. राग आला म्हणून मारणारे लोक अडाणी असतात, त्यानं काही साधत नाही. तुम्ही लोक माजलात, हे दलातली पोरं म्हणतात, तेही त्याला पटत नव्हतं. गावाची घडी मोडली होती, ती बसवायची होती, एवढंच.

“पण थ्या बुढ्यानं काय केलं होतं, खुशालरावजी?” जाईबाईच्या तोंडून निघून गेलं. विचारल्यावर तीच घाबरली.

“काही नाही. म्हणूनच तर.” खुशालरावनं कातरलेली सुपारी तळहातावर घेतली. “हे पाह्य, जाई. भाषण करणाऱ्या पोट्ट्याले मारलं, तर बाकीचे म्हणतील, आपण भाषण नाही करत, आपल्याले भेव नाही. ज्यानं काहीच केलं नाही त्याले मारलं, की मंग प्रत्येकाले आपल्या दाराची कडी आठवते. एका बुढ्यात तीस घरं गप्प बसली. दोन पोट्टे पळून गेले. एकाहून जास्ती कोणाचं रगत सांडावं नाही लागलं. सांग, याच्यापेक्षा स्वस्तात काय झालं असतं?”

 हा माणूस रागावला असता, तर तिला कमी भीती वाटली असती. त्याच्या आवाजात राग नव्हता, दारू नव्हती, सूडही नव्हता. त्यानं तो हिशेब शांत डोक्यानं केला होता, आणि त्यात पुंजाराम हे नाव नव्हतंच. नुसता एक म्हातारा होता, कुणीही चालला असता असा.

“तुह्या देवमनचं लेकरू यंदा चालायले लागलं म्हणते,” खुशालराव उठता उठता म्हणाला. “चांगलं आहे. तुले काही दिसलं नाही, असं तू फौजदाराले सांगितलं. तसंच राहू दे.”

ती घरी आली ती पायी. दमणी जुंपायला गुणवंत पुढे झाला होता, पण तिनं हातानंच नको म्हटलं.  तीन दिवस ती दिवसाढवळ्या दाराला कडी लावून बसे. कुत्रं भुंकलं तरी नातवाला उचलून चुलीमागे जाई. सून इंदूबाई विचारून दमली. खुशालरावनं सांगितलं होतं तसंच चाललं होतं: प्रत्येकाला आपल्या दाराची कडी आठवत होती.

चौथ्या दिवशी देवमन रजेवर आला. मायलेक चुलीपुढे बसले असताना ती एकदम बोलू लागली, आणि सगळं सांगून झाल्यावरच थांबली. ताटीखालून दिसलेला पाय, दमणी, ओसरीवरचं बोलणं.  ऐकून देवमनचाच धीर सुटला. तो म्हणाला, की आपण सगळे अमरावतीला जाऊ, जिनिंगजवळ खोली घेऊ, हे गावच नको. आणि साक्ष तर मुळीच नको, माय, गप्प राहू आपण.

“हेच तर मी तीन दिवस घोकून राहिली,” जाईबाई म्हणाली. “गप्प राहू, गप्प राहू. पण देवमन, तू नीट ऐकलं नाही का रे, तो काय बोलला? पुंजारामही गप्पच होता. सगळ्यात गप्प तोच होता. आता घडी पुन्हा मोडली, की हे पुन्हा येतीन, आणि तेव्हा कोणाच्या घरी येतीन? जो गप्प बसला त्याच्याच घरी. मंग मी गप्प बसून कोणाले वाचवून राहिली?”

तिच्या अंगात बळ आलं म्हणून ती हे बोलली नाही. उलट भीती पुरती भिनली होती, आणि भिनून भिनून तिनंच म्हातारीला हा हिशेब मांडायला लावला होता. खुशालरावच्या गणितात एकच उणीव होती: ते त्यानं तोंडानं समजावून सांगितलं, आणि समजणाऱ्या बाईला सांगितलं.

चांदूर बाजारच्या ठाण्यात फौजदार आधी हसला. पायावरून माणूस ओळखते म्हणे. पण जाईबाईनं बावीस वर्षांपूर्वीच्या त्या घोट्याचं असं वर्णन केलं, की त्याचं हसणं आपोआप थांबलं. गुणवंताला धरलं. खुशालरावचं ओसरीवरचं बोलणंही तिनं सांगितलं, पण एकट्या तिच्या शब्दावर त्याला हात लावायला फौजदार तयार नव्हता. अमरावतीच्या मॅजिस्ट्रेटपुढे ओळख परेड ठरली, तीही तिथल्या तुरुंगात आजवर झाली नव्हती अशी. आवारात दोरी बांधून तिच्यावर घोंगड्या टाकल्या, गुडघ्यापर्यंत लोंबतील अशा. त्यामागे नऊ माणसं उभी केली. पोटऱ्यांपासून खालचे नऊ जोड पाय तेवढे उन्हात.

जाईबाई एका टोकाकडून चालू लागली. मॅजिस्ट्रेट खुर्चीवर, कारकून कागद धरून, आणि सगळ्या आवारात इतकी शांतता, की घोंगड्यांमागच्या माणसांचे श्वास ऐकू येत होते. सहाव्या जोडीपाशी ती थांबली. खरं तर ओळखायला एक क्षण पुरला होता. थांबली ती दुसऱ्याच कारणानं. बोललं, की परत घेता यायचं नाही. नातू डोळ्यांपुढे आला, चुलीमागे लपवलेला. मग पुंजारामच्या दारातला तो आवाज आला. ती खाली बसली आणि तिनं त्या डाव्या घोट्यावर हात ठेवला.

 पाय मागे घेतला गेला नाही.

“हा,” जाईबाई म्हणाली. “याले मीच जगात आणलं, साहेब.”

घोंगडीमागून रडणं ऐकू आलं. कारकुनानं तिच्या अंगठ्याला शाई लावली आणि कागदावर ठसा घेतला.

त्याच दिवशी चारच्या मोटारीनं मायलेक गावाकडे निघाले. गुणवंत दुसऱ्या कुणाचं नाव घेईल का, हे कुणाला ठाऊक नव्हतं. खुशालराव मोकळा होता, आपल्या ओसरीवर होता. वस्तीत शिरताना जाईबाईला वाटलं, दारं बंद होतील. काही झालीही. ती घरात जाऊन पाणी पिते आहे, तोच गंगूबाई आली. नवऱ्याला जाळल्यापासून ती वस्तीत कुणाशी बोलली नव्हती. दारात उभं राहूनच तिनं विचारलं, की खरंच सांगितलं का. जाईबाईनं मान हलवली.

गंगूबाई उंबऱ्यावर बसली. जमिनीकडे पाहत ती म्हणाली, “जाई, खुशालरावनं तोंड झाकलंच नव्हतं.”

जाईबाईच्या हातातला लोटा खाली आला.

“सगळ्यांनी झाकलं होतं, त्यानं नाही. अंगणात मधोमध उभा होता. माह्याकडे पाहून राहिला होता, की मी नीट पाहावं म्हणून. शेजारणीनंही पाहिलं, तिच्या सुनेनंही पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. त्याले ठाऊक होतं, कोणीच सांगणार नाही.”

जाईबाईला ओसरीवरचा अडकित्ता आठवला. त्या माणसाचा वस्तीच्या भीतीवर केवढा विश्वास होता. तिनं गंगूबाईला धीराचं काही सांगितलं नाही, कारण तिच्याजवळ धीर नव्हताच. पहिली मोटार सकाळी साताला असते, मी बरोबर येते, एवढंच सांगितलं.

सकाळी दोघी फाट्यावर उभ्या होत्या. थंडी संपत आली होती, तरी गंगूबाईचे दात वाजत होते. जरा वेळानं गंगूबाईची शेजारीण आली. ती त्यांच्याजवळ आली नाही. दहा पावलांवर, जणू परतवाड्याला कुणा पाहुण्यांकडे निघाली आहे, अशी उभी राहिली. आणि मग वरच्या रस्त्यानं खुशालराव येताना दिसला. पांढरं धोतर, हातात छत्री, चालणं संथ. तो फाट्यापर्यंत कधी पायी येत नसे. कोण कोण उभं आहे ते पाहायला आज त्याला स्वतः यावं लागलं होतं. तो समोर येऊन थांबला आणि तिघींकडे एकेक करून पाहत त्यानं विचारलं, की सकाळीच कुठं निघाल्या बाया?

 शेजारीण पाठ वळवून निघून जाईल असं जाईबाईला वाटलं, आणि आपणही जाऊ असंही वाटलं.

“अमरावतीले,” गंगूबाई म्हणाली.

 खुशालराव तिथेच उभा राहिला. शेजारीण दहा पावलं चालून आली आणि दोघींच्या मधोमध उभी राहिली. तिघीही रस्त्याच्या वळणाकडे पाहू लागल्या. मोटार अजून यायची होती.